टाकीखालच्या खोलीतल्या रेघा

इतक्या वर्षांत मी कोडच्या किती ओळी लिहिल्या याची मोजदाद नाही, पण पाठ असलेली ओळ एकच आहे. ती खरं तर कोडची ओळसुद्धा नाही. कोडच्या मधेमधे आपल्याच आठवणीसाठी टिपण लिहून ठेवतात, तसं ते टिपण आहे: 'नंतर बघू'. त्याच्या वरती काही नव्हतं, खालीही काही नव्हतं, नुसता रिकामा कंस. जिथे काहीतरी करायला हवं होतं तिथे मी हे दोन शब्द ठेवून उठले आणि त्यापायी एका माणसाला गावासमोर मान खाली घालावी लागली. ती मान माझी असायला हवी होती.

मी परभणीत काम करते. हार्डवेअरच्या दुकानावरच्या दोन खोल्या आणि आम्ही पाच जण. पुण्यात चार वर्षं काढून परत आलेली मी एकटीच, त्यामुळे ऑफिसात माझा शब्द शेवटचा असायचा आणि मला ते आवडायचं. ग्रामपंचायतींसाठी पाण्याचं ॲप करायचं ठरलं, तेव्हा पहिलं गाव माझंच घ्या असं मी सांगितलं. ताडकळसच्या रस्त्यावरचं आमचं गाव, आई अजून तिथेच राहते. आपण शिकलो त्याचा गावाला उपयोग व्हावा, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगायचे. आतली गोष्ट वेगळी होती. 'पोरीला कशापायी एवढं शिकवायलीस' असं ज्यांनी आईला ऐकवलं होतं, त्यांच्या खिशातल्या फोनमध्ये मला जाऊन बसायचं होतं.

ॲप साधं होतं. गावाच्या टाकीत रोज ब्लिचिंग पावडर टाकावी लागते. पावडर बादलीत कालवायची, निवळू द्यायची आणि वरचं पाणी शिडीने चढून टाकीत ओतायचं. नळाला पाणी आलं की नाही हे गावातली कुठलीही बाई सांगेल, पण पावडर पडली की नाही हे टाकणारा जाणे आणि देव जाणे. म्हणून टाकणाऱ्याने पावडर टाकली की फोनवर बटण दाबायचं, ते पंचायतीच्या संगणकावर उमटायचं आणि मागितला की त्याचा कागद निघायचा.

आमच्या गावात टाकणारे होते मामा. आईच्या माहेरचे, तरुणपणी कामाच्या शोधात आमच्या गावात आले आणि इथलेच झाले. आईला सख्खा भाऊ नाही, ती राखी त्यांनाच बांधायची. मला कळायला लागलं तेव्हापासून गावाला पाणी सोडायचं काम त्यांच्याकडे. त्यांच्या एकूणएक शर्टावर पावडरीने रंग उडालेले पांढरे ठिपके असत. मामी त्यावरून त्यांना चिडवायची, म्हणायची, ह्यांना नवं कापड घेणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

टाकीखालच्या खोलीत मामांची एक भिंत होती. पावडर टाकली की कोळशाने एक उभी रेघ. लाइट नव्हती म्हणून टाकीच भरली नाही, तर गोल. पावडर संपली असेल, तर फुली. महिना संपला की आडवी रेघ मारून खाली नवी ओळ. मी शाळेत असताना त्यांना विचारलं होतं की फुली कशाला काढता, ती काढली की तुमचीच चूक दिसते. ते म्हणाले, "जे झालं न्हाई ते बी लिहावं लागतंय, माय. न्हाईतर जे झालं ते कोन खरं मानंल?"

हे मी तेव्हा ऐकलं आणि विसरले. नंतर पुण्यात हीच गोष्ट शिकायला मी रीतसर फी भरली.

माझ्या धंद्यातलं थोडं सांगावं लागेल. ॲपमध्ये काही घडलं, म्हणजे कोणी बटण दाबलं, रेंज गेली, फोन बंद पडला, की त्याला आम्ही इव्हेंट म्हणतो. इव्हेंट घडला की कोणीतरी त्याची दखल घ्यायची असते आणि कुठेतरी त्याची नोंद राहायची असते. त्या नोंदीला लॉग म्हणतात. हे सगळं पहिल्यापासून कोणी लिहीत बसत नाही. जगातल्या कुठल्या तरी शहाण्या माणसांनी ते लिहून, पारखून, सगळ्यांसाठी मोकळं ठेवलेलं असतं. त्याला लायब्ररी म्हणतात. ती आणायची आणि आपल्या ॲपला जोडायची. मी आणलेली लायब्ररी चांगलीच होती. बटणाची बातमी पंचायतीपर्यंत पोचली नाही, तर ती इमानाने विचारायची: पोचली नाही, आता काय करू? या प्रश्नाचं उत्तर मात्र आपण लिहायचं असतं. बातमी फोनमध्ये जपून ठेव, रेंज आली की परत पाठव, एवढं उत्तर लिहून तपासायला मला दोन दिवस लागले असते.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी माझ्याकडे दोन दिवस नव्हते. टाकीखालची खोली जाड काँक्रीटची. बाहेर ओट्यावर रेंज असायची, आत शिरलं की गेली. आत उभं राहून बटण दाबलं की पडद्यावर लाल अक्षरं यायची: 'पाठवता आलं नाही'. परत दाबा, परत लाल. शिवाय लायब्ररी प्रत्येक फसलेल्या प्रयत्नाची नोंद फोनमध्ये लिहीत होती, आणि पंचायतीने घेतलेला तो स्वस्तातला फोन नोंदींनी भरून अडकायला लागला होता. दुसऱ्या दिवशी तालुक्याहून साहेब येणार होते. त्याच खोलीत नारळ फुटणार, फोटो निघणार. सरपंच माझ्या मागे उभे राहून फोनमध्ये बघत होते. म्हणाले, "ताई, ह्ये लाल लाल काय यायलंय? उद्या सायबापुढं आलं म्हंजी?"

मला लाज वाटली. आजच्या मानाने ती लाज काहीच नव्हती, पण तेव्हा कान तापले. मी ओट्यावर बसले, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि लाल अक्षरं काढून टाकली. नोंदी लिहिणं बंद करून टाकलं. लायब्ररीच्या प्रश्नाखाली, उत्तराच्या जागी, ते टिपण लिहिलं. हिरवी खूण तर मी आधीपासूनच बटण दाबल्याबरोबर दिसेल अशी करून ठेवली होती, बातमी पोचो न पोचो. झाकली मूठ सव्वा लाखाची. अर्ध्या तासात ॲप गुणी बाळासारखं वागायला लागलं आणि सरपंच म्हणाले, "आता कसं, बरुबर."

मग खोलीत परत गेले आणि माझी नजर भिंतीवर गेली.

"मामा, ही भिंत केवढी काळी केलीय तुम्ही. फोटोत घाण दिसेल. आता फोन आहे ना नोंद ठेवायला."

"पुसायची म्हनतीस?"

"चुना मारून घ्या की."

मामांनी भिंतीवरून एकदा हात फिरवला. "तू म्हनतीस तर मारतो," एवढंच बोलले, आणि दिवस मावळायच्या आत स्वतःच्या हाताने चुना मारून मोकळे झाले. फोटोत भिंत पांढरीशुभ्र आली आहे. तो फोटो आमच्या ऑफिसात अजून लावलेला आहे. काढायला सांगितलं तर कारण विचारतील, म्हणून मी सांगत नाही.

पुढचे काही महिने सगळं छान चाललं. कागदावर जवळजवळ रोज नोंद दिसायची. झरीकडच्या दोन गावांनी ॲप मागितलं. मी आल्यागेल्याला सांगायचे की आमच्या गावात आता पाण्याचं काम डिजिटल आहे. 'नंतर' काही आलं नाही. ते कधी येत नसतंच. आमच्या धंद्यात हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि तरी सगळे लिहितात.

त्या वर्षी पावसाने ओढ दिली होती, तो पोळ्यानंतर लागला आणि गावात जुलाब सुरू झाले. आधी वेशीकडच्या गल्लीत, मग घरोघरी. कोणी दगावलं नाही, पण दवाखान्यात खाटा कमी पडल्या. आईलाही सलाईन लावावी लागली. मी तिला परभणीला घेऊन आले आणि दुसऱ्याच दिवशी सरपंचांचा फोन आला. "ताई, तुमच्या ॲपचा कागद काढा. पावडर पडली का न्हाई, बगू द्या."

मी काढला. नऊ दिवस कोरे होते.

मला आनंद झाला. हे लिहायला नको वाटतं, पण झालं ते असंच. आतल्या खोलीत आई झोपली होती आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला, तर बघा, माझ्या ॲपने पकडलं. मामांचा विचार त्यानंतर आला आणि तोही राग म्हणून आला. माझ्या आईकडून राखी बांधून घेता आणि तिलाच असलं पाणी पाजता, असं मी मनातल्या मनात त्यांना बोलून घेतलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. कागदाच्या तीन प्रती काढून मी गावाला गेले.

सभा शाळेच्या पटांगणात भरली. ग्रामसेवकांनी नऊ तारखा एकेक करून वाचल्या. कोणीतरी म्हणालं, "ह्ये तर सगळे पावसाचे दिस हायत." दुसरं कोणी म्हणालं, "मग बरुबर हाय, पावसात शिडी चढायचा कटाळा आला आसंल." मामा उठून उभे राहिले. अंगात पोळ्याला घेतलेला निळा शर्ट होता.

"मी रोज टाकली. पोळ्यापसून एक दिस चुकलो न्हाई. पोतं बगा की, किती उरलंय."

"पोतं काय, कुटंबी रिकामं करता येतंय," मागून आवाज आला.

मामांनी खिशातून पंचायतीचा फोन काढला. "रोज बटन दाबलं. रोज हिरवी खून आली." मग ते माझ्याकडे वळले. "माय, तू सांग. ह्ये तुझं हाय. हिरवी खून आली म्हंजी पोचलं का न्हाई?"

त्यांनी विचारलं आणि मला सगळं कळलं. पाऊस असला की माणूस उघड्या ओट्यावर थांबत नाही, आत जाऊन बटण दाबतो. आत रेंज नाही. बातमी गेली नाही, लायब्ररीने विचारलं की आता काय करू, आणि तिथे माझं टिपण. वर हिरवी खूण. मामांच्या निळ्या शर्टावर छातीपासून कोपरापर्यंत पांढरे ठिपके उठले होते, आणि शर्ट अजून जुना व्हायचा होता. हातच्या काकणाला आरसा कशाला? मला दिसत होतं. आणि गावही माझ्याकडे बघत होतं. ज्यांनी आईला ऐकवलं होतं ते पुढच्याच रांगेत बसले होते.

मी म्हणाले, "ॲपमध्ये जे येतं, तेच कागदावर दिसतं."

या वाक्यात एक अक्षर खोटं नाही. शोधून शोधून असं वाक्य काढलं असतं तर निदान कष्ट तरी पडले असते. ते आपणहून तोंडात आलं. मामांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी फोन टेबलावर ठेवला, कमरेच्या करगोट्याला बांधलेली खोलीची किल्ली सोडून त्याच्याशेजारी ठेवली आणि खाली बसले. त्यांना कामावरून काढायचा ठराव हात वर करून झाला. मी हात वर केला नाही, एवढाच माझा पराक्रम.

परभणीला येऊन मी फोनची रेंज बंद केली आणि बटण दाबलं. हिरवी खूण आली. संगणकावर काही नाही. परत दाबलं, परत तेच. दोन दिवसांचं काम मी दोन दिवसांत केलं. आता बातमी फोनमध्ये थांबते, रेंज आली की जाते, आणि खूण पोचल्यावरच हिरवी होते, तोवर पिवळी राहते. लॉगही चालू केला. जुन्या नोंदी आपोआप पुसल्या जाऊन फोन भरू नये याची सोयही त्याच लायब्ररीत होती. एक ओळ लिहायची होती. मी सगळ्या गावांना नवीन ॲप पाठवलं. काय बदललं ते लिहायला एक चौकट असते. त्यात मी लिहिलं: 'किरकोळ दुरुस्त्या'.

महिनाभराने वेशीकडे खोदताना फुटलेला पाइप सापडला. तो नालीखालून गेला होता आणि नालीचं पाणी त्यात झिरपत होतं. आईने फोनवर सांगितलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. आता मामा आपोआप मोकळे होतील आणि मला तोंड उघडावं लागणार नाही. पण गावाचं म्हणणं पडलं की पाइप फुटला ते एक आणि पावडर टाकली नाही ते एक. कागदावर आहेच की. कागद माझा होता.

दिवाळीला गावी गेले. भाऊबीजेला आई ताट करून बसली. दुपार टळली तरी मामा आले नाहीत. दरवर्षी ते आंघोळ करून सगळ्यात आधी आमच्याकडे यायचे. तिन्हीसांजेला आई ताट घेऊन अंगणात गेली आणि जिला भाऊ नाही अशी बाई ओवाळते तसं तिने चंद्राला ओवाळलं. मी दारात उभी होते. आत येताना ती एवढंच म्हणाली, "त्यो तसं करनार न्हाई." तिला ॲपमधलं काही कळत नाही. माझं तोंड मात्र तिला चांगलं वाचता येतं.

दुसऱ्या दिवशी मी टाकीवर गेले. कामावर नवीन माणूस ठेवला होता, त्याच्या फोनमध्ये नवीन ॲप नीट चालतं का बघायचं होतं. रेंज अजिबात नसताना काय होतं ते तपासावं म्हणून मी खोलीत जाऊन लोखंडी दार आतून लावून घेतलं. ते दार आत उघडतं आणि दिवसभर भिंतीला टेकून असतं. त्याची आतली बाजू कधी कोणाला दिसत नाही.

दाराच्या आतल्या बाजूला खडूच्या रेघा होत्या.

चुना मारल्याच्या दुसऱ्या दिवसापासून पहिली ओळ सुरू होत होती. महिना संपला की आडवी रेघ, खाली नवी ओळ. उन्हाळ्यात दोन गोल होते, एक फुलीही होती. मी फोनवर तो कागद उघडला आणि नऊ तारखांच्या जागा बोटाने मोजत गेले. नऊच्या नऊ ठिकाणी उभी रेघ होती. शेवटची रेघ सभेच्या दिवसाची, म्हणजे त्या दिवशीही पावडर टाकूनच ते सभेला आले होते. हातातल्या फोनवर पिवळी खूण बरोबर दिसत होती. मी तिथेच बादलीवर बसून राहिले. बाहेरून नवीन माणसाने दार वाजवलं तेव्हा उठले.

मामा दुसऱ्याच्या रानात कापूस वेचायला जायला लागले होते. मी बांधावर गेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि वेचत राहिले. मीही शेजारच्या ओळीत उतरले, हाताला काहीतरी हवं म्हणून दोन बोंडं वेचली.

"मामा, दारावर रेघा आहेत."

"हायत की."

"सभेत का नाही सांगितलंत?"

"सांगितलं आसतं तर तू खोटी पडली आसतीस." त्यांनी कापूस कमरेला बांधलेल्या फडक्यात टाकला. "म्हनून आदी तुलाच इचारलं. वाटलं, तू सांगशील."

मी वेचलेली दोन बोंडं त्यांच्या फडक्यात टाकली.

"पुढं बी वाट बगितली थोडे दिस," ते म्हणाले. "भाऊबीजेपत्तर. आता न्हाई बगत."

मी म्हणाले की पुढच्या ग्रामसभेत सांगते. ते म्हणाले, "सांग. तुझ्या आईला बरं वाटंल. मला ते काम नगं आता." मग ते पुढच्या झाडाकडे सरकले. त्यांच्या अंगात तोच निळा शर्ट होता, धुऊन फिका झालेला, आणि त्यावर नवीन ठिपके पडणं थांबलं होतं.

प्रजासत्ताक दिनाच्या ग्रामसभेत मी उभी राहिले. काय बोलायचं ते चार दिवस घोकलं होतं. मी म्हणाले, "त्या नऊ दिवसांची नोंद ॲपच्या चुकीमुळे आली नव्हती. खोलीत रेंज नव्हती, म्हणून बातमी पोचली नाही. पावडर रोज पडलेली आहे. दारावर रेघा आहेत, कोणीही जाऊन बघा."

थोडी कुजबुज झाली. सरपंच म्हणाले, "मशीनच हाय ताई, चुकायचंच." दोघं-तिघं हसले. ग्रामसेवकांनी पुढचा विषय काढायला कागद उलटला. माझ्या अंगावरचं ओझं उतरलं. इतकं सोपं होतं तर, असं वाटून मी खाली बसायला लागले.

तेवढ्यात बायकांच्या बाजूला आई उठली. आई सभेत कधी बोलली नव्हती. तिने पदर नीट केला, सरपंचांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

"चूक ॲपची व्हती म्हनलीस," ती म्हणाली. "ॲप कुनी केलं?"

मी अर्धवट बसलेली परत उभी राहिले.

"मी केलं," मी म्हणाले. "आणि त्या दिवशी मामांनी विचारलं, तेव्हाच मला कळलं होतं."

ते ऐकायला मामा सभेत नव्हते.